घंटेनंतर कुणी बोलायचं नाही

१० मे, शनिवार

आज मी टीव्हीला चप्पल फेकून मारली. ती भिंतीला लागली, पण हेतू स्वच्छ होता.

पुरुषांची दहा हजार मीटर चालली होती. एवढ्या फेऱ्या जीव मुठीत धरून बघितल्या, शेवटच्या तीन उरल्या, तिघंजण खांद्याला खांदा लावून पळतायत, आणि चॅनेलवाल्यांनी साबण लावला. मग पंखा. मग परत साबण, वेगळ्या बाईचा. परत मैदानावर आलो तर एकजण झेंडा पांघरून रडतोय. कोण, कसा, कुठून घुसला, काही पत्ता नाही. मी चप्पल फेकली, हातोडा 'अरे चोरांनो' म्हणून ओरडला आणि हरकत उभे राहून म्हणाले, "माझी यावर हरकत आहे!" जसे काही टीव्हीत न्यायाधीश बसलेत.

ही डायरी आजपासून लिहायला घेतेय, कारण एवढा राग पोटात ठेवला तर अल्सर होईल. तर मंडळी अशी. हातोडा हा शेजारचा प्लंबर. दिवसभर नळ दुरुस्त करतो आणि जगात हातोडाफेक हाच एक खरा खेळ आहे, बाकी सगळी पळापळ आहे, असं मानतो. हरकत म्हणजे कोर्टातले निवृत्त कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हरकती लिहून घेतल्या, आता स्वतःच्या घेतात. आणि आमचे सासरे, मामंजी, या मंडळाचे पंच. ते खरोखरचे पंच होते, लांब उडीचे. फळीपाशी खुर्ची टाकून बसायचे. उडी मारणाऱ्याचा पाय फळीच्या पुढे गेला की लाल निशाण, नाही गेला की पांढरं. बोटाच्या पेराएवढा फरक त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपलाय, आणि त्यांच्या लाल निशाणावर अपील करायची कुणाची छाती झाली नाही. आमच्या ह्यांना खेळात काडीचा रस नाही. ते चहा करतात आणि आम्हाला वेडे समजतात.

आमच्याकडे टीव्हीचा आवाज बंद असतो. समालोचन मी करते. गेल्या वर्षी मामंजी वैतागून म्हणाले की हे टीव्हीवरचे लोक धावणारीच्या केसांवर बोलतात, धावण्यावर नाही. सूनबाई, तूच सांग. मी बसस्थानकात घोषणा करते. दिवसभर माइकवर गाड्या सांगायच्या आणि शनिवारी घरी येऊन माणसं सांगायची. मला काय, तोंडाला सवयच आहे.

एक नियम मात्र कडक. शेवटच्या फेरीची घंटा वाजली की कुणी चकार शब्द काढायचा नाही. शेवटची फेरी देवाची. हा नियम मामंजींनीच केलाय, फार पूर्वी, मी या घरात नवी होते तेव्हा. जो बोलेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची.

आज तर घंटाच दाखवली नाही. भांडी चॅनेलने घासावीत.


११ मे, रविवार

चॅनेलला तक्रार लिहिली. चौघांनी मिळून, म्हणजे मी लिहिली आणि तिघांनी माझ्या डोक्यावर बसून भांडणं केली.

हातोड्याचा मुद्दा: "हातोडा हातातून सुटताना दाखवतात, पडताना दाखवतच नाहीत. मग तो अजून वरच आहे का, असं विचारा." विचारलं. हरकतींचा मुद्दा: जिंकलेल्या धावपटूला पाणी पिताना मिनिटभर दाखवता आणि तिच्या मागे कोपऱ्यात अंगठ्याएवढा दिसतो तो माणूस बांबूउडीत विक्रम करत असतो. हेही लिहिलं. माझा मुद्दा साबण.

मामंजींचा मुद्दा सगळ्यांत तांत्रिक. ते म्हणाले, "चित्र धूसर येतं. वर्ष झालं. चुलीच्या धुरातून बघितल्यासारखं. खर्च वाचवायला मुद्दाम करत असणार." आम्हा तिघांना चित्र बरं वाटतं, पण पंचांच्या नजरेला जे खुपतं ते आम्हाला कुठलं कळायला? तो मुद्दा मी सर्वांत वर टाकला आणि खाली जाड रेघ मारली.

पाठवल्यावर इतकं हलकं वाटलं की मी भांडी न सांगता घासली.


१७ मे, शनिवार

नवीन टीव्ही! ह्यांनीच आणला. म्हणाले, बाबांचं धूसर-धूसर ऐकून कान किटले. टीव्ही इतका मोठा आहे की सोफा दाराकडे सरकवावा लागला आणि आता घरात यायचं तर आडवं होऊन यावं लागतं. हातोडा पोट आत घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, यात तर घाम मोजता येईल!"

मामंजी दोनदा सोफ्यावर आपटले आणि ह्यांच्यावर ओरडले, "घर आहे की अडथळ्यांची शर्यत?" मग पडद्यासमोर अगदी जवळ बसून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "धूर आहेच. टीव्हीत दोष नाही. वरूनच येतोय." म्हणजे आमची तक्रार रास्त ठरली! मला उलट आनंदच झाला. हे मात्र कपाळाला हात लावून बसले.

मग लांब उडी. एका पोराने झकास उडी मारली, पण फळीपुढच्या मऊ पट्टीवर त्याच्या बुटाचा ठसा आम्हा तिघांना साफ दिसला. टीव्हीवर पंचांनी अजून निशाण उचललं नव्हतं. आमच्याकडे पहिला निकाल नेहमी मामंजी देतात. ते ताठ बसले आणि ठामपणे म्हणाले, "पांढरं."

आम्ही गारच. हरकत उठले, "माझी हरकत! ठसा आहे!" तेवढ्यात टीव्हीवर लाल निशाण वर गेलं. मामंजी म्हणाले, "तो पंच नवखा असणार." त्यावरून जो वाद पेटला तो चहा दोनदा झाला तरी संपेना. शेवटी मी निवाडा केला की मामंजी वयोमानाने मऊ झालेत. पूर्वी पोरांच्या काळजाचं पाणी करणारा माणूस, आता फाउललाही पांढरं दाखवतो. मला ते फार गोड वाटलं.


२८ मे, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्यावं.

चॅनेलवरून फोन आला. खरा. मी स्थानकावर ड्युटीवर होते, फलाट दोनवरची गाडी सोडत होते. एक बाई बोलल्या, त्या खेळ विभागाच्या निर्मात्या. म्हणाल्या, "हातोडा अजून वरच आहे का, हे आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचलं. सगळे खुर्चीवरून पडले." मग म्हणाल्या की जागतिक स्पर्धेत महिलांच्या दहा हजार मीटरला त्यांचा तज्ज्ञ नाही, तो ऐन वेळी दुसऱ्या चॅनेलला पळाला. "तुमच्या तक्रारीत धावपटूंची जेवढी माहिती आहे तेवढी आमच्याकडे नाही. आवाजाची चाचणी द्याल का?"

मी म्हटलं, "मॅडम, मी दिवसाला शेकडो लोकांना आवाज देते आणि ते धावतातसुद्धा."

फोन ठेवला आणि पुढची घोषणा करायला माइक उघडला. मला आठवतं ते असं की मी म्हणाले, "फलाट चारवरची गाडी शेवटच्या वळणावर आली आहे, चालकाने जोर लावलाय, मागून लाल गाडी येतेय, पण नाही, नाही, चार नंबरच पुढे!" खाली प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. स्थानकप्रमुख जिना चढून धापा टाकत वर आले. म्हणाले, "बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.


३१ मे, शनिवार

मंडळात फूट!

महिलांची पाच हजार. मी सांगत होते, अगदी रंगात आले होते. घंटा वाजली. मी गप्प, हातोडा गप्प, हरकतींनी तर श्वाससुद्धा धरला. आणि मामंजी म्हणतात, "कोण पुढे?"

आम्हाला वाटलं चुकून तोंडातून गेलं. हातोड्याने ओठावर बोट ठेवून त्यांना खूण केली. तरी परत, "अगं, कोण पुढे? सांग ना." खूण केलेली दिसत असून असं! मी डोळे मोठे करून बघितलं, तरी ढिम्म. शर्यत संपली, आणि हरकत आनंदाने जवळजवळ नाचायला लागले, "पंचांनी नियम मोडला! भांडी! भांडी!"

मामंजींनी भांडी घासली नाहीत. उलट ठराव मांडला की हा नियमच रद्द करावा, घंटेनंतरही समालोचन चालावं. त्यांचाच नियम! आम्ही मत घेतलं. तीन विरुद्ध एक, ठराव फेटाळला. हातोडा म्हणाला, "पंच, शेवटची फेरी देवाची, हे तुम्हीच शिकवलंत." ते उठून आत गेले आणि जाताना सोफ्याला असा धक्का दिला की सोफा हलला. एवढा राग!

हे झोपताना म्हणाले, "बाबा हल्ली बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्याच्या मागे कुठेतरी बघतात. माझ्यावरही चिडलेत का?" मी म्हटलं, चिडलेत ते लोकशाहीवर.


४ जून, बुधवार

चाचणी झाली. काचेच्या खोलीत बसवलं, एक जुनी शर्यत लावली आणि म्हणाले, बोला. माइकला मी घाबरत नाही, काचेपलीकडच्या माणसांना घाबरते. म्हणून मी डोळ्यांसमोर आमची बैठकीची खोली आणली आणि मामंजींना सांगतेय असं सांगत सुटले. कोण कुठे, कुणाची मान वाकडी झाली, कुणाचे खांदे कानाला लागले, कोण नुसतं दमल्याचं नाटक करतंय. संपल्यावर निर्मातीबाई म्हणाल्या, "डोळे मिटले तरी दिसत होतं."

काय पण प्रशंसा! घरी येऊन मामंजींना सांगितली तर ते म्हणाले, "त्या बाईला कळतं."


१२ जून, गुरुवार

झाली निवड! एकवीस तारखेला महिलांची दहा हजार मीटर, माझ्या आवाजात! सोबत त्यांचा नेहमीचा समालोचक असणार, ज्याला आम्ही टाय म्हणतो, कारण त्याच्याविषयी सांगण्यासारखं तेवढंच आहे.

आणि शर्यत कुठली? मावशीची! मावशी म्हणजे आमची लाडकी धावपटू, चाळिशीला टेकलेली. बाकीच्या स्पर्धक तिच्या भाच्या शोभतात. आजवर जागतिक पदक नाही. नेहमी चौथी, पाचवी, सहावी. ही तिची शेवटची स्पर्धा. एवढ्या वर्षांत कॅमेऱ्याने तिला नीट एकदाही दाखवलेलं नाही, तिची मागची वेणी तेवढी ओळखीची आहे. मी ठरवलंय, कॅमेरा कुठेही जाऊ दे, माझं तोंड मावशीला सोडणार नाही.

मामंजींना तर आनंद मावेना. ३१ तारखेची अढी एका क्षणात गेली. त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. मला म्हणाले, "म्हणजे आता टीव्हीचा आवाज लावता येईल!" हातोड्याला कुठे बसायचं, हरकतींनी मध्ये बोलायचं नाही, सगळा बंदोबस्त त्यांनी आजच करून टाकला.

मग हळूच विचारलं, "शेवटच्या फेरीचं काय करणार?"

"गप्प बसणार! नियम म्हणजे नियम. लोकांना कळू दे शेवटची फेरी कशी बघतात ते."

ते माझ्याजवळ सरकले. "घंटेनंतरही थोडं बोल. लोकांना लागतं."

मी हसले. "मामंजी, लोकांना डोळे आहेत की!"

"हो," ते म्हणाले. "लोकांना आहेत."

मला वाटलं, तत्त्वाच्या माणसाला तत्त्व पटलं. मग मी कपाट उघडून बसले. नुसता आवाज जाणार आहे, तरी त्या दिवशी निळा ड्रेस घालणार. आवाजात फरक पडतो.


२१ जून, शनिवार

घरी आलेय. काय लिहू, कुठून लिहू!

आधी स्टुडिओ. टायने सुरुवातीलाच धावपटूंच्या बुटांच्या जाड तळव्यांवर भाषण सुरू केलं; म्हणे असल्या बुटांनी विक्रम होतात, पाय नावाला असतात. मी म्हटलं, "मग नुसते बूटच सोडायचे मैदानात, बघू कुठला पहिला येतो." काचेपलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि माझी भीड चेपली. मग मी जी सुटले ती सुटलेच. निर्मातीबाईंनी मध्ये दोनदा जाहिरातीची खूण केली, मी दोन्ही वेळा हात जोडले. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं. दुसऱ्यांदा त्या स्वतःच शर्यत बघत बसल्या होत्या.

आणि मग घंटा झाली. मी म्हटलं, "घंटा." आणि तोंड मिटलं.

टायने तोंड उघडलं. मी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि मान हलवली. तो इतका दचकला की मिटलंच त्याने. कानात निर्मातीबाई, "बोला! काय झालं? बोला!" मी ढिम्म. समोर लाल दिवा लुकलुकतोय, एक तंत्रज्ञ टेबलाखाली शिरून वायरी हलवतोय. आणि कानात काय येत होतं सांगू? त्या मैदानातला आरडाओरडा, आणि त्याच्या खाली बुटांचा चर्र चर्र आवाज. मावशीच्या श्वासाचा आवाज आला असं मी शपथेवर सांगू शकते. मी रडत होते आणि गप्प होते. आयुष्यात एवढी सुखी मी झाले नाही.

शेवटची फेरी कशी झाली आणि मावशीचं काय झालं, ते आज या घरात उच्चारायची सोय नाही. का, ते आता लिहिते.

मी आडवी होऊन घरात शिरले तर दाराशीच हातोड्याने मला अडवलं. कुजबुजत म्हणाला, "वहिनी, निकाल बोलू नका. पंचांनी फर्मान काढलंय. त्यांनी अजून शर्यत बघितली नाही."

"बघितली नाही म्हणजे? ते होते कुठे?"

"इथेच! माझ्या शेजारी! सगळ्या फेऱ्या ऐकल्या, मांडीवर थापा मारत होते. घंटा झाली आणि म्हणाले, कोण पुढे? आम्ही बोललो नाही. परत म्हणाले, मावशी कुठाय? आम्ही नियम पाळला, तुम्ही तिकडे पाळत होता तसाच. मग ते उठले आणि शर्यत संपायच्या आत खोलीत गेले. नंतर मी सांगायला गेलो तर कानांवर हात. म्हणतात, मी अजून पाहिली नाही, ज्याने पाहिलेली नाही त्याला निकाल सांगणं हे पाप आहे."

हे आमच्या मंडळाचं दुसरं तत्त्व, ते बरोबरच आहे. पण समोर बसून न बघणं, हे काय? हरकतींनासुद्धा यावर कुठली हरकत घ्यावी ते सुचेना.

मला कळलंय ते काय ते. त्यांनी मला सांगितलं होतं, घंटेनंतर बोल. मी नाही ऐकलं. हा निषेध आहे. एवढ्या मोठ्या दिवशी माझाच निषेध! जीव थोडासा खट्टू झाला. पण थोडासाच. बाकी मी अजून हवेत आहे.


२२ जून, रविवार

देशभर गोंधळ, आणि तो मी केलाय!

लोकांना टीव्ही बिघडला असं वाटलं. एका बाईंनी चॅनेलला कळवलं की त्यांनी टीव्हीला दोन थपडा मारल्या आणि मग शेजाऱ्यांच्या घरात पळत गेल्या, तर शेजारी टीव्हीला थपडा मारत होते. एका गृहस्थांनी लिहिलं, समालोचकाला बोलायचे पैसे मिळतात, त्याने बोलावं. दुसऱ्याने लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा शर्यत ऐकली. निम्मे म्हणतात मला परत आणू नका, निम्मे म्हणतात टायलाही असंच गप्प करा. हातोडा ते सगळं मोठमोठ्याने वाचून दाखवत होता आणि निकालाचा उल्लेख आला की खोकत होता, कारण मामंजी आतल्या खोलीत. दुपारपर्यंत त्याचा घसा बसला.

निर्मातीबाईंचा फोन आला. काल ओरडल्या होत्या, आज हसत होत्या. समारोपाच्या दिवशी पुरुषांची पाच हजार आहे, याल का? पण शेवटच्या फेरीचं काय ते आधी ठरवू, म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या सांगते.

मामंजी कानात कापूस घालून फिरतायत. वर्तमानपत्र तर त्यांनी कधीच सोडलंय; खेळाचं पान दिवसेंदिवस भिकार होतंय म्हणून बहिष्कार टाकलाय. त्यामुळे तिकडून धोका नाही. संध्याकाळी कापूस काढून मला म्हणाले, "रेकॉर्डिंग आहे ना?"

"आहे."

"उद्या तुला सुट्टी. आपण बघू. दोघंच. त्या दोघांना बोलावू नकोस."

म्हणजे निषेध नाही? मला काही कळत नाही. पण मी हो म्हटलं.


२३ जून, सोमवार

दुपारी आम्ही दोघं बसलो. हे कामावर गेलेले, बाहेर लख्ख ऊन, मी पडदे ओढून घेतले.

नवीन टीव्हीचा रिमोट म्हणजे विमान चालवणं. मी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, पडदा निळा झाला आणि मधोमध 'सिग्नल नाही' असं आलं. मी तिसरं बटण शोधत होते. मामंजी सोफ्याच्या कडेला येऊन बसले, गुडघ्यांवर हात टेकले, तोंड पडद्याकडे केलं.

"हं. आज चित्र स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आवाज नको लावू. घंटेपासून सांग."

मी पडद्याकडे बघितलं. निळा. रिकामा. त्यांच्याकडे बघितलं. ते बघत होते, मन लावून, फळीपाशी बसून बघायचे तसे.

मला काय झालं ते सांगता येत नाही. धूर. सोफा. ठशावरचं पांढरं निशाण. हातोड्याचं ओठांवरचं बोट. वर्षभर ते मला सांगत होते, आणि मी चॅनेलला कळवत होते. आणि ज्या एका माणसासाठी मी इतके शनिवार बोलत आले, त्यालाच मी देशभराच्या साक्षीने अंधारात सोडलं, वर रडून सुखी झाले.

"का गं? लागलं नाही का?"

"लागलं," मी म्हटलं. रिमोट खाली ठेवला.

"घंटा झाली मामंजी. पुढच्या घोळक्यात सहा जणी आहेत. मावशी सहावी. पुढे ती चिमणी, पिवळ्या मोज्यांची, मान सरळ, अजून खेळतेय. तिच्यामागे दोघी बहिणी, एकीचे खांदे वर चढलेत. मावशी आतल्या बाजूला अडकलीय. पुढे भिंत, बाजूला भिंत."

"बाहेर काढ तिला!"

"ती मागे येतेय. स्वतःहून मागे आली, एक पाऊल, दोन. आता बाहेरून निघाली! वळणावर बाहेरून, वेडी आहे का ही! पाचवी. एका बहिणीची मान गेली वाकडी. चौथी झाली मावशी."

मामंजींनी माझं मनगट धरलं होतं. "चौथी नको. चौथी नको आता."

"शेवटचं वळण. चिमणी सुटली, ती गेली, तिचं नाव सोडा. दुसरी पण गेली. तिसऱ्या जागी बहीण आहे आणि तिच्या खांद्याशी मावशीची वेणी. वेणी मागे उडतेय. तोंड उघडं पडलंय, हात कसेही चाललेत, मामंजी, ती आता धावत नाहीये, ती नुसती पुढे पडतेय. बरोबरीने. बरोबरीने. रेषा! पडली! रेषेच्या पलीकडे पडली!"

"निकाल?"

"थांबा, फोटो बघतायत. ती जमिनीवर पडून वर फलकाकडे बघतेय. बहीण तिच्याजवळ बसलीय. फलक लागला." मला हुंदका आला. "तिसरी. मावशी तिसरी आली."

मामंजी मोठ्याने ओरडले, त्या वयात, सोफ्यावरून अर्धे उठून. मग खाली बसले आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसायला लागलो. त्यांचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

"पहिली म्हणाली असतीस तरी चाललं असतं," ते म्हणाले. "मला कुठे कळणार होतं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत हसत होते.

"पंचांना खोटा निकाल सांगू?" मी म्हटलं.

"पंच निवृत्त झाला गं. केव्हाच. फक्त कुणाला सांगितलं नाही. फळीच दिसत नाही म्हणणारा पंच कोण ठेवतो?"

"आम्ही ठेवतो. उद्या आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. हे रजा टाकतील."

"जाऊ. घाबरतो मी त्याला, पण जाऊ." ते परत पुढे सरकून बसले, गुडघ्यांवर हात टेकले. "आता परत सांग, घंटेपासून. आणि जरा सावकाश, इतक्या लवकर पोचवू नकोस तिला."